केसपेपरवर नसलेले नाव

गरोदरपणात रक्त तपासायला सांगितले की अजूनही काही बायका दवाखान्याच्या फाटकातून परत फिरतात. त्या का फिरतात हे मला माहीत आहे. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. यात औषधांची माहिती फारशी नाही, ती डॉक्टरांकडे मिळेल. जे घडले ते, आणि ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, एवढेच मी देऊ शकते. माझी आई आता नाही. ती असती तर हे लिहिले नसते.

मिस्टरांना घेऊन या

दुष्काळाचे वर्ष होते. मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. बातमीदारांचा मजकूर कापायचा, मथळे द्यायचे, मुद्रिते वाचायची, असे बसून करायचे काम. त्या वर्षी मजकूरही बहुतेक एकाच विषयाचा येई. सरकारने काढलेली खडी फोडण्याची कामे, चारा, कोरड्या विहिरी. माझे यजमान वसंतराव नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. सासूबाई मूळच्या कर्जतकडच्या, त्या आमच्याजवळ राहत. दोन खोल्यांचे घर होते. लग्नाला तीन वर्षे झाली होती आणि मला सहावा महिना होता.

नाव घातले होते शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात. तिथे सगळ्याच गरोदर बायकांचे रक्त घेत. मी रिपोर्ट आणायला गेले तेव्हा सिस्टरने माझा केसपेपर पाहिला, गठ्ठ्यात पालथा ठेवला आणि म्हणाली, "उद्या मिस्टरांना घेऊन या."

मी कारण विचारले. "बाई सांगतील," म्हणाली.

अर्धी बातमी देणाऱ्या माणसासमोरून उठायचे नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलेले असते. मी बाकावर बसून राहिले. बायका संपल्या, तेव्हा डॉक्टरबाईंनी स्वतःच बोलावले. पन्नाशीच्या होत्या. बोलताना समोरच्याकडे पाहत, कागदाकडे नाही.

"तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून सरळ सांगते. रक्तात दोष दिसतोय. ह्या तपासणीत जो आजार कळतो त्याला लोक गरमी म्हणतात."

हा शब्द मला माहीत होता. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, गुप्तरोगांच्या यादीत, तो रंगवलेला असे. आमच्याच दैनिकात आतल्या पानावर त्या आजाराच्या औषधाच्या जाहिरातीची चौकट येई. तिचे मुद्रित मी कित्येकदा तपासले होते, ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले होते.

"बाळाला?" मी विचारले.

"पोहोचतो. पोटातच पोहोचतो. म्हणून घाई करायची." काही बाळे पोटातच जातात, काही आजार घेऊन जन्मतात, काही वरून चांगली दिसतात आणि आजार मागाहून उघडा पडतो, असे त्यांनी सांगितले. यावर सुई आहे, वेळेत दिली तर बहुतेक बाळे वाचतात, हेही सांगितले.

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक."

मग त्यांनी प्रश्न विचारले. आधी दिवस गेले होते का? नाही. अंगावर कधी चट्टे, पुरळ? आठवत नाही. भावंडे किती? एकही नाही, मी एकुलती. त्यांनी तसे लिहून घेतले. ते उत्तर खोटे नव्हते. आमच्याकडे जी जगली तीच मोजतात.

मग?

त्याच संध्याकाळी मी वसंतरावांना सांगितले. लग्नाआधी ते कामासाठी दोन वर्षे मुंबईत एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहिले होते. मला ती खोली आठवली, आणि मला ती आठवली हे त्यांना समजले.

"मी तसला माणूस नाही," ते म्हणाले.

"मी काही म्हटलेलं नाही."

"म्हणूनच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्त दिले. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी त्यांच्याकडे संशयाने पाहिले, हे नोंदवले पाहिजे. ताटात भाकरी वाढताना, त्यांचा कामाचा डगला धुताना, माझ्या मनात एकच हिशेब चाले. त्यांना तो दिसत होता.

रिपोर्ट त्यांनी स्वतः आणला. माझ्यासमोर ठेवला.

"माझं स्वच्छ आहे."

"दिसतंय मला."

"मग?"

एवढाच प्रश्न होता. पुढे कित्येक दिवस त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही आणि मला त्या पहिल्याचे उत्तर देता आले नाही. ते ओट्यावर झोपू लागले. उकाडा आहे, असे सासूबाईंना सांगितले. थंडीचे दिवस होते.

मी माझे आयुष्य मजकूर तपासावा तसे ओळीओळीने तपासले. वसंतरावांच्या आधी कोणी पुरुष नव्हता, नंतरही नाही. कुठे सुई टोचून घेतली होती का, कुणाचे कपडे वापरले होते का, हॉस्टेलवर असताना कुणाच्या पांघरुणात झोपले होते का, सगळे पाहिले. काही सापडले नाही. ज्या बातमीचा उगम सापडत नाही ती आम्ही छापत नसू. ही बातमी मात्र माझ्याच रक्तात होती.

कप

सासूबाईंना कुणी काही सांगितले नव्हते. दोन खोल्यांच्या घरात सांगावे लागत नाही. एका सकाळी माझा कप आणि बशी मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली दिसली. दुपारी ज्वारी पाखडताना, सुपाच्या आवाजावर, मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, "हापिसात धा बाप्ये न् ही येकटी बाई. रक्त खराब निघालं ते कुनाचं? माज्या पोराचं तर न्हाई."

वसंतराव आत होते. त्यांना ऐकू गेले होते. ते माझ्या बाजूने बोलले नाहीत, आईच्याही नाहीत. माझ्या कचेरीतला एकेक चेहरा ते त्या दिवसांत डोळ्यांपुढे आणत होते, असे त्यांनी पुष्कळ वर्षांनी मला सांगितले. मुख्य उपसंपादकांचा पहिला, ते साठीचे आणि दमेकरी होते तरी.

कामावर मी जात राहिले. घरापेक्षा तिथे बरे वाटे. छपाईचे खिळे जुळवण्याचा खटखटाट सतत चालू असे आणि कुणी कुणाकडे निरखून पाहत नसे.

सुई

सुई पेनिसिलीनची, ती कमरेत, खोल देत. दर आठवड्याला एक, अशा तीन ठरल्या. औषध घट्ट असे, ते आत उतरताना पाय बधिर होई. पहिल्या खेपेला डॉक्टरबाईंनी बजावले होते की आज अंगात ताप भरेल, घाबरायचे नाही, मात्र बाळाची हालचाल थांबल्यासारखी वाटली तर तसेच निघून यायचे.

ताप दिवेलागणीला आला. दात वाजू लागले. मी अंथरुणावर पडून पोटावर हात ठेवला. रोज त्या वेळी बाळ फार चाळवायचे. त्या दिवशी हालले नाही. मी कुशीवर वळले, पाणी प्यायले, पुन्हा हात ठेवला. तसेच निघून यायचे म्हणजे कसे, हा प्रश्न होता. वसंतराव दुसऱ्या पाळीला गेले होते आणि मला उभे राहता येत नव्हते.

सासूबाई आल्या. कपाळाला हात लावला. तांब्याभर पाणी आणि लुगड्याचा तुकडा घेऊन उशाशी बसल्या आणि पट्ट्या बदलू लागल्या. ज्या हातांनी माझा कप वेगळा ठेवला होता तेच हात होते. मी त्यांना म्हटले, बाळ हालत नाही. त्यांनी ओल्या हाताचा तळवा माझ्या पोटावर दाबून धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"निजलंय," म्हणाल्या. "तुलाबी ताप, त्यालाबी ताप. पोरगं दमलंय."

ते पहाटे हालले. सासूबाई तेव्हाही तिथेच बसलेल्या होत्या. सकाळी माझा चहा त्याच कोनाड्यातल्या कपात आला.

आई

आमच्यात पहिले बाळंतपण माहेरी. सातवा लागला तशी आई मला न्यायला खर्ड्याहून आली. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचे पाणीही प्यायचे नाही, असा तिच्या पिढीचा नेम. ती ओट्यावर बसली, स्वतःच्या फडक्यातली भाकरी सोडली आणि स्वतःच्याच तांब्यातले पाणी प्यायली.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "न्या की. सावकाश धाडा माघारी. आमाला घाई न्हाई."

आईने घास खाली ठेवला. "लेक म्हंजे काय माल हाय व्हय, इहीनबाई? ठिऊन घेतला न् नको तवा धाडला?"

"मी आपलं बोलले."

"म्याबी आपलंच बोलले."

पण तिला समजले होते. सासरी परत येण्याची वाट बंद होत होती, आणि ती का बंद होते आहे हे तिला कुणी सांगत नव्हते. मीही सांगितले नाही. तिसरी सुई बाकी होती. ती घेऊन खर्ड्याला जाऊ, एवढेच म्हणाले.

दवाखान्यात गर्दी होती. सुईच्या खोलीकडे मी पुढे चालले होते, आई मागे राहिली. तिने मला हाक मारली.

"धोंडे! आगं धोंडे, थांब की!"

लग्नानंतर नगरमध्ये त्या नावाने मला कुणी हाक मारलेली नव्हती. लग्नात सासरी नाव बदलतात, तसे माझे शालिनी झाले होते. केसपेपरवर शालिनी होते, कचेरीत शालिनी होते. धोंडाबाई हे नाव मॅट्रिकच्या आणि बी.ए.च्या कागदांवर राहिले होते, आणि ते मागे पडले याचे मला बरेच वाटत असे.

डॉक्टरबाई त्याच वेळी दारात आल्या होत्या. त्यांनी आईला विचारले, "कुणाला हाक मारलीत, आजी?"

"ह्या माज्या लेकीला."

"ह्यांचं नाव शालिनी आहे."

"ते सासरचं. आमची धोंडाबाईच."

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना आत घेतले आणि दार लावून घेतले. मग आईसमोर स्टूल ओढून बसल्या. "धोंडा का ठेवलंत?"

आईने माझ्या पोटाकडे पाहिले आणि मान हलवली. गरोदर बाईपुढे गेलेल्या लेकरांचा विषय काढत नाहीत.

"बोला आजी. पोटातल्या बाळासाठीच विचारतेय."

मग आई बोलली. तिचे बोलणे मी येथे थोडक्यात देते. वडील पलटणीत होते. लग्नानंतर रजेवर येत आणि परत जात. पहिली दोन्ही बाळे दिवस भरण्याआधीच गेली. तिसरे मेलेले जन्मले, अंगाची कातडी सुटलेली होती. चौथे आठवडाभर टिकले. पाचवा मुलगा दीड महिना जगला. त्याचे नाक सारखे भरलेले, श्वास घेताना घुरघुर वाजे, अंगावर पाजता येत नसे. त्याला बैलगाडीने नगरला न्यायचे एकदा ठरले होते, पण नेले नाही. सहावी मी. मला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवले, आणि शेजारच्या बाईने ओंजळभर कोंडा देऊन मला विकत घेतले आणि आईच्या पदरात टाकले. नाव धोंडा ठेवले. दगडाला कुणी नेत नाही.

नजर लागू नये म्हणून हे नाव, एवढे मला ठाऊक होते. पाच हा आकडा मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टरबाईंनी मला दिव्याकडे तोंड करायला लावले आणि ओठ वर करून पुढचे दात पाहिले. ते कडेला निमुळते आहेत आणि मध्ये खाच आहे. मग माझा चष्मा काढून डोळे पाहिले. लहानपणी डोळे आले होते का, असे विचारले. दहाव्या वर्षी आख्खा हिवाळा मी अंधाऱ्या खोलीत काढला होता. उजेड सहन होत नव्हता, आणि त्यानंतर नजर धूसर राहिली. वडील कशाने गेले, असे विचारले. शेवटी त्यांना अंधारात पाय कुठे पडतो ते कळत नसे, ते पाय आपटत चालत. लढाईतली दुखापत, असे सगळे म्हणत.

डॉक्टरबाईंनी स्वतः आईचे रक्त घेतले. आईने कशाला म्हणून विचारले नाही. हात पुढे केला.

मग मला म्हणाल्या, "खर्ड्याला जायचं नाही. बाळंतपण इथंच. आणि मिस्टरांना उद्या एकटं पाठवू नका, बरोबर घेऊन या."

दोन्हीपैकी एक

वसंतरावांना आणि मला त्यांनी समोरासमोर बसवले. म्हणाल्या, "ह्यांना हा आजार कुणी दिलेला नाही. ह्या तो घेऊनच जन्मल्या. आईच्या पोटात मिळाला, आईला वडिलांकडून. वाचल्या, हेच विशेष. इतक्या वर्षांनी तो लागण्यासारखा राहत नाही, म्हणून तुमचं रक्त स्वच्छ आहे."

वसंतराव म्हणाले, "पुन्हा सांगता का?"

त्यांनी पुन्हा सांगितले, त्याच शब्दांत.

"मग बाळाला?"

"अशा आईकडून बाळाला जाणं फार क्वचित. पण क्वचित म्हणजे नाहीच, असं मी लिहून देणार नाही. सुया पूर्ण झाल्यात. आता जन्मल्यावर बघायचं."

आम्ही फाटकापर्यंत आलो. माझी पिशवी त्यांनी घेतली होती. मग म्हणाले, "तुला सरळ विचारायला हवं होतं. नाहीतर विश्वास ठेवायला हवा होता. दोन्हीपैकी एक तरी करायला हवं होतं मी."

तोच संशय मी आधी त्यांच्यावर घेतला होता. त्या दिवसापासून ते घरात झोपू लागले.

त्यांनी सासूबाईंना काय सांगितले ते मी ऐकले नाही. उत्तर ऐकले. "म्हंजे बाप तसला हुता."

आईचे रक्त अपेक्षेप्रमाणे निघाले. तिलाही सुया सुरू झाल्या. दवाखान्याच्या आवारात नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती. आई तिथे तीन दगडांची चूल मांडून राहिली, कारण लेकीच्या घरी राहता येत नव्हते. तिला काय सांगायचे हे डॉक्टरबाईंनी माझ्यावर सोपवले होते. मी वाक्ये जुळवत होते. तिने त्याआधीच विचारले.

"तुझ्या दादांकडनं आलं का गं हे?"

माझ्या वडिलांना मी दादा म्हणत असे. मी हो म्हणाले.

ती चुलीतली काटकी मागे ओढत राहिली. "रजेवर आल्ते तवा अंगावर पुरळ हुतं. मला वाटलं उनाचं आसंल." थोड्या वेळाने म्हणाली, "लोक मला पांढऱ्या पायाची म्हनत. त्यांच्या म्होरं म्हनत. त्यांनी म्हनू दिलं." आणि मग, "त्यांना ठावं आसंल का गं?"

याचे उत्तर मिळवण्याचा मी पुढे प्रयत्न केला. पलटणीत अशा रोगाची तपासणी होत असे, इतपत कळले. त्यांना कळले होते की नाही, ते कळू शकले नाही. त्यांनी एकुलत्या मुलीला खर्ड्यासारख्या गावातून बी.ए.पर्यंत शिकवले, हे माहीत आहे. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवते. त्यापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही.

ओसरेल की वाढेल

मुलगा उन्हाळ्यात झाला. रडला. कातडी नीट होती, नाक मोकळे होते. सिस्टरने त्याला उलटासुलटा करून पाहिले, मग डॉक्टरबाईंनी पाहिले. पायाच्या हाडांचा फोटो काढला, तो चांगला आला. नाळेतले रक्त तपासले आणि त्यात दोष निघाला.

तो दिवस माझ्या रिपोर्टच्या दिवसापेक्षा वाईट होता. डॉक्टरबाई खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "ऐका. तुमच्या रक्तातलं त्याच्या रक्तात उतरलंय, म्हणून तपासणी तसं दाखवतेय. ते फक्त तुमचं असेल तर महिन्यागणिक ओसरेल. त्याचं स्वतःचं असेल तर वाढेल. वाढलं तर त्यालाही सुया देऊ. आज ह्याहून जास्त मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही."

मला त्यांचे हे बोलणे आवडले. त्यांनी जितके माहीत होते तितकेच सांगितले.

महिन्यागणिक म्हणजे दर महिन्याला त्याच्या टाचेतून किंवा डोक्याच्या शिरेतून रक्त घ्यायचे. मी त्याचे डोके धरायची. अंगावर पाजताना मी त्याचा श्वास ऐकायची. घुरघुर आहे का. एकदा साधी सर्दी झाली तेव्हा मी त्याला तसेच उचलून दवाखान्यात नेले, चपला न घालता.

बारसे

बाराव्या दिवशी बारसे आमच्या घरी झाले. पाळणा बांधला होता, शेजारच्या चार बायका आल्या होत्या. वसंतरावांनी अरुण हे नाव ठरवले होते. सासूबाई पाळण्याच्या दोरीशी अडून बसल्या.

"आता काय बी म्हना. रक्ताचं नक्की हुईस्तवर धोंडू म्हना, केरबा म्हना. हिच्या आईनं केलं तसं करा. ही जगली ना?"

त्या चिडून बोलत नव्हत्या. त्या भ्यायल्या होत्या. त्या नातवाला त्यांनी माझ्याहून जास्त वेळ मांडीवर घेतले होते.

आई उंबऱ्याच्या बाहेर, ओट्यावर बसली होती. ती उठून आत आली. येताना तिने मोरीजवळच्या कोनाड्याकडे पाहिले.

"न्हाई," म्हणाली. "धोंडा नाव ठिवून काय झालं? रोग न्हाई गेला. नाव तेवढं ऱ्हायलं पोरीला. ह्याला नीट नाव ठिवा."

"तुमी नका सांगू, इहीनबाई. तुमच्याच घरातनं आलंय सगळं."

खोलीतल्या बायकांना यातले काही ठाऊक नव्हते. आईने पदर नीट केला.

"व्हय. दोष माज्या घरचा हाय. माज्या पोरीचा न्हाई न् तुमच्या पोराचाबी न्हाई. चार बायांम्होरं सांगते, म्हंजे परत कुनाला इचारायला नको. आता तिचा कप त्या कोनाड्यातनं आत घ्या." मग ती भिंतीला टेकून खाली बसली. "आन् मला च्या करा. नातू झाला. आता तुमच्या घरचं चालतंय मला."

सासूबाई उठल्या. चहा टाकला. गाळताना त्यांचा हात फळीवरच्या कपांकडे गेला, थांबला, आणि त्यांनी वळून कोनाड्यातला कप घेतला, राखेने घासून धुतला, त्यात चहा ओतून आईला दिला. त्यातलाच उरलेला चहा त्यांनी स्वतःसाठी बशीत घेतला. शेजारच्या बाईने विचारले, नाव काय मग? सासूबाई म्हणाल्या, "आरुन. ठरलंय ना, मग."

गाडी

अरुणच्या रिपोर्टमधला दोषाचा आकडा पहिल्या महिन्यात होता तेवढाच राहिला. त्या महिन्यात मी फारशी जेवले नाही. दुसऱ्या महिन्यात तो निम्म्यावर आला. नंतर पुन्हा खाली. पाऊस पडून गेला, कामांवरची माणसे गावी परतली, आमच्या दैनिकातले मथळे बदलले. अरुण पालथा पडायला लागला, मग बसायला लागला. ज्या दिवशी शेवटचा रिपोर्ट मिळायचा होता त्या दिवशी आई सकाळच्या एस.टी.ने खर्ड्याहून आली.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "काही नाही. स्वच्छ आहे. आता रक्तासाठी आणू नका ह्याला."

वसंतरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी सगळे व्यवस्थित ऐकले आहे ना, म्हणून डॉक्टरबाईंना पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा सांगितले.

अरुण आईच्या मांडीवर होता. ती म्हणाली, "डॉक्टरीनबाई, येक इचारू? ही सुई माज्या लेकरांना दिली आस्ती तर?"

"तेव्हा ही सुई आपल्याकडे आलेलीच नव्हती, आजी."

"खर्ड्यात नसंल. पर नगरात?"

"नगरातही नव्हती. पुण्यातही नव्हती."

"आन् दुसरं काय औषिद?"

डॉक्टरबाईंनी आईकडे पाहिले. एरवी त्या लगेच उत्तर देत. "काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या.

आईने अरुणचे टोपडे कानांवर ओढून घेतले. "मंग बरं झालं," म्हणाली. "पाचव्याच्या टायमाला गाडी जुंपून ठिवली हुती. सुगी चालू हुती. मीच म्हनले, उद्या जाऊ."

ती उठली आणि नातवाला खांद्यावर टाकून बाहेर गेली. बाहेर सासूबाई बसल्या होत्या, त्यांना तिने मोठ्याने सांगितले, "पोरगं स्वच्छ हाय, इहीनबाई. चला, च्या करा."

त्या काळात दुसरे औषध होते. पेनिसिलीन येण्याआधी या रोगावर सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या, सुया देत, लहान मुलांनाही. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत त्या मिळत. कितीदा उपयोग होई, ते मुलावर आणि वेळेवर अवलंबून असे. हे मी नंतर वाचले. डॉक्टरबाईंना ते ठाऊक नसणे शक्य नव्हते.

मुद्रितात चूक दिसली की समासात खूण करायची, हे मी आयुष्यभर केले. आई त्यानंतर बरीच वर्षे जगली. ती खूण मी केली नाही.